युद्धतज्ज्ञाच्या भरवशावर लग्नाची तारीख

आमच्या पुतण्याच्या लग्नाची तारीख कुणी ठरवायची, यावरून घरात तीन पक्ष होते. थोरल्या दिरांचं म्हणणं, भटजींनी. उत्रोलीच्या व्याह्यांचं म्हणणं, हॉलवाल्याने. कारण वैशाखात हॉल मोकळा मिळणं भटजींच्याही हातात नसतं. आणि थोरल्या जाऊबाईंचं म्हणणं, टीव्हीवरच्या त्या माणसाने.

ते गृहस्थ युद्धतज्ज्ञ होते. म्हणजे पडद्यावर त्यांच्या नावाखाली तशी पट्टी यायची. कधी ती पट्टी ‘राजकीय विश्लेषक’ असायची, कधी ‘ज्येष्ठ पत्रकार’. माणूस तोच, जाकीटही तेच. मी शाळेच्या कार्यालयात आयुष्य काढलेली बाई आहे. एकाच माणसाची तीन पदं दिसली की मला आधी त्याची सेवापुस्तिका बघावीशी वाटते.

पुतण्या सैन्यात आहे. त्याचे आईवडील, म्हणजे थोरले दीर आणि जाऊबाई, मार्गासनीला असतात, भातशेती करतात. आम्ही दोघं नोकरीमुळे भोरमध्ये. मुलगी उत्रोलीची, पण कामाला भोरमधल्याच रक्त तपासायच्या लॅबमध्ये. तिने एकदा माझं रक्त काढलं आणि सुई टोचलेली मला कळलीसुद्धा नाही. आमच्या घरात बोललेलं टोचल्याशिवाय राहत नाही, तेव्हा अशी मुलगी हवीच, असं म्हणून ही सोयरीक मीच सुचवली होती.

गेल्या वर्षी सगळं ठरलं. पत्रिका छापून आल्या, केळवणं सुरू झाली, आणि नेमका सीमेवर तणाव वाढला. रजा रद्द झाल्या. लग्न पुढे ढकललं, पण केळवणांचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. एकदा एखाद्या घरात पुरणाची डाळ भिजत पडली की ती सीमेवरच्या बातम्या ऐकून थांबत नाही. त्यामुळे दीर आणि जाऊबाई नवरदेवाशिवायच जेवत फिरले. आंबवड्याच्या मामांकडे तर पाटाभोवती रांगोळी काढून पाटावर मोबाईल ठेवला, तांब्याला टेकवून. तिकडून नेटवर्क मिळालं तेवढ्यात मामींनी मोबाईलला ओवाळलं. कुंकू कुठं लावायचं यावर दोन मिनिटं वाद झाला आणि शेवटी ते कॅमेऱ्यावरच लागलं. पलीकडून पुतण्या म्हणाला, “मामी, इथं सगळं लाल झालंय.” त्या दिवसांत हे वाक्य कुणी कुणाला ऐकवू नये असं होतं. जाऊबाईंनी घास खाली ठेवला आणि त्या परसात निघून गेल्या.

त्या आठवड्यात मी रजा टाकून मार्गासनीला राहायला गेले. घरातली कामं मी वाटून घेतली, भांडी कुणी, दूध कुणी, दिरांच्या गोळ्या कुणी द्यायच्या. पण संध्याकाळी टीव्हीसमोर बसायचं काम जाऊबाईंनी कुणाला दिलं नाही. पडद्यावर सहा चौकटी, सहाही जण एकदम बोलणारे. त्यातला एक म्हणजे आपले युद्धतज्ज्ञ. “आता थांबणं म्हणजे भ्याडपणा!” ते गरजायचे. “आठ दिवसांत निकाल लागेल! आणि आपल्या जवानांच्या केसालाही धक्का लागणार नाही!”

जाऊबाईंना निकालाशी देणंघेणं नव्हतं. त्या फक्त ते केसाचं वाक्य ऐकायला बसायच्या. वाक्य आलं की टीव्ही बंद.

“बग कसा ठाम बोलतोय,” त्या मला म्हणायच्या. “बाकीचे नुसते कलकल करत्यात.”

“जाऊबाई, त्यांना कसं माहीत असेल?”

“टीव्हीवाल्यांनी उगा बोलावलंय व्हय त्येला?”

त्या केसाच्या वाक्यावर एक बाई रात्री डोळा लावत होती. त्याची खातरजमा करत बसायची ती वेळ नव्हती.

पुढे तणाव निवळला. पुतण्या सुखरूप होता. लग्न थंडीत धरलं, तर त्याच सुमारास त्याची तुकडी दुसरीकडे हलली आणि रजा पुन्हा गेली. दोन वेळा छापलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी अजून वाणसामान लिहिते. उत्रोलीचे व्याही सरळ माणूस, पण सरळ माणसाचाही धीर सुटतो. त्यांनी निरोप पाठवला, “यंदा तारीख मोडली तर आमी दुसरीकडं बघू. पोरगी किती दिस तशीच ठेवायची?” त्या दिवसापासून घरात एकच काळजी होती. आता जी तारीख धरू ती मोडता कामा नये, नाहीतर ही सोयरीक गेली.

आणि यंदा फाल्गुनात पुन्हा बातम्या सुरू झाल्या. सीमेवर हालचाल, अमुक ठिकाणी आवाज, तमुक मंत्र्याचं वक्तव्य. जाऊबाईंनी टीव्ही लावला, तर युद्धतज्ज्ञांनी कूस बदललेली. जाकीट जाऊन खादीचा सदरा आला होता. आवाज खाली आला होता. युद्धात कुणीच जिंकत नाही, ते म्हणत होते. शहाण्या देशाने चर्चा करावी. यंदा युद्ध होणार नाही, कारण ते कुणालाच परवडणारं नाही. एका वर्तमानपत्रात त्यांचा रविवारचा लेखही यायला लागला होता, तोही शांततेचा.

जाऊबाई म्हणाल्या, “तो म्हनतोय लढाई न्हाई. वैशाखातली तारीख धरा.”

दीर म्हणाले, “गेल्या साली हाच लढा लढा म्हनून बोंबलत व्हता. आता उलटा फिरला. असल्याच्या बोलन्यावर लेकराचं लगीन धरतीस?”

“तुमी न्हाई व्हय फिरला? भात लावताना?”

हे दिरांच्या वर्मावर होतं. शेजारच्या शेतकऱ्याने काही वर्षांपूर्वी दोरी धरून, अंतर मोजून भात लावायला सुरुवात केली, तेव्हा दिरांनी त्याची चावडीवर टिंगल केली होती. हा काय रोपं लावतोय का रेल्वे टाकतोय, म्हणाले होते. दोन हंगाम त्याचं शेत बघितलं आणि तिसऱ्या वर्षी दीर त्याच्याच दारात दोरी मागायला गेले. नुसती दोरी आणली नाही. ज्या चावडीवर टिंगल केली होती तिथेच बसून म्हणाले, “म्या चुकलो, याचं बरूबर व्हतं.” शेजाऱ्याने त्यांना पुढचे चार महिने सोडलं नाही. दिसले की विचारायचा, “काय पाटील, रेल्वे कुठवर आली?” दिरांनी ते सगळं निमूट ऐकून घेतलं.

आता मी मुद्द्यावर येते. भोरच्या वाचनालयात दर वर्षी व्याख्यानमाला असते आणि काही वर्षांपासून मी तिची कार्यवाह आहे. समितीच्या बैठकीत आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, याच युद्धतज्ज्ञांचं नाव सुचवलं. विषय ‘युद्ध आणि विवेक’.

“यातलं नक्की काय बोलणार ते?” आमच्या समितीतल्या डॉक्टरांनी विचारलं. “गेल्या वर्षी पहिल्यावर बोलत होते, यंदा दुसऱ्यावर.”

“माणसाची मतं बदलतात,” अध्यक्ष म्हणाले.

“बदलतात ना. मी पण औषध बदलतो. पण पेशंटला सांगून बदलतो. आधीचं लागू पडलं नाही, असं तोंडाने म्हणतो.”

“तुम्ही म्हणता?” अध्यक्षांनी विचारलं. ते त्याच डॉक्टरांचे पेशंट आहेत.

मला विचाराल तर माझं मत व्यावहारिक होतं. गृहस्थांची तारीख मोकळी होती, ते पुण्याहून आपल्या गाडीने येणार होते आणि त्यांना तिखट चालत होतं. आधीच्या वर्षीच्या वक्त्यांना तिन्ही गोष्टी जमल्या नव्हत्या. मी होकार दिला. घरी येऊन जाऊबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “म्या येनार. त्येला समोरासमोर इचारनार.”

वक्त्याचं दुपारचं जेवण कार्यवाहांच्या घरी, ही आमच्या व्याख्यानमालेची रीत. ती कुणी पाडली माहीत नाही, पण तो कार्यवाह पुरुष असणार आणि स्वयंपाक त्याची बायको करत असणार. मी आदल्या दिवशी भाज्या निवडून ठेवल्या, मटकी भिजवली आणि नवऱ्याला कढीची जबाबदारी दिली. जाऊबाई आणि दीर सकाळच्या एसटीने, नसरापूरला गाडी बदलून आले ते घरचा तांदूळ आणि एक प्रश्न घेऊन.

पाहुणे वेळेवर आले. टीव्हीत दिसतात त्यापेक्षा बुटके आणि बरेच सौम्य. चप्पल काढून, पाय धुऊन, पाटावर मांडी घालून बसले. माझ्या मनातलं त्यांचं एक चित्र तिथेच मोडलं, कारण टीव्हीवर ओरडणारा माणूस पाय धुतो असं मला कधी वाटलं नव्हतं.

जाऊबाईंनी त्यांना भात वाढला.

“वा! काय सुगंध! बासमती?”

“इंद्रायणी,” दीर म्हणाले. त्यांच्या दृष्टीने तज्ज्ञाची परीक्षा तिथेच संपली होती.

जाऊबाई मात्र वाटच बघत होत्या. “सायेब, एक इचारू?”

“विचारा ना, माउली.”

“माझा ल्योक मिलिटरीत हाय. दोनदा लगीन लांबलं. आता तिसऱ्यांदा लांबलं तर पोरगीवाले मोडनार हायत. वैशाखात तारीख धरू का नगं?”

पाहुण्यांनी बोटं आवरली आणि त्यांचा टीव्हीवरचा आवाज आला. “असं आहे, तणाव आणि युद्ध यांत आपण फरक करायला हवा. सध्याच्या जागतिक घडामोडी पाहता, दोन्ही बाजूंच्या अंतर्गत मर्यादा लक्षात घेता…”

जाऊबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. “म्हंजे धरू?”

“म्हणजे शक्यता कमी आहे.”

“कमी म्हंजे? पत्रिका छापू का?”

पाहुणे हसले. दीर हसले नाहीत. “गेल्या साली तुमी म्हनला, आठ दिसांत निकाल. आता म्हनता लढाई वाईट. यातलं आमी कंचं धरायचं?”

“काका, माणूस शिकत जातो. मत बदलणं हे कमीपणाचं नसतं.”

“न्हाईच. म्या बी बदाललं. पर म्या दोरी मागाया गेलतो.”

पाहुण्यांना काही कळलं नाही. माझ्या नवऱ्याने त्यांच्या वाटीत कढी ओतली. आमच्या घरात विषय अवघड झाला की कढी येते.

पण जाऊबाई सोडणाऱ्या नव्हत्या. “गेल्या साली रोज तुमी सांगायचा, जवानांच्या केसाला धक्का लागनार न्हाई. त्येवढं ऐकून म्या निजायची. त्ये तुमाला कुनी सांगितलं व्हतं?”

पाहुण्यांनी कढीची वाटी उचलली आणि न पिता खाली ठेवली.

“कुणी नाही,” ते म्हणाले. आता आवाज टीव्हीवरचा नव्हता. “खरं सांगू? संध्याकाळी चॅनेलवरून फोन यायचा. आज विरोधात बोलायला माणसं आहेत, बाजूने बोलायला एक कमी पडतोय, येता का? मी जायचो. एकदा गेलो, मग रोज त्याच खुर्चीसाठी फोन यायला लागला.”

“अन् आता?”

“आता त्या खुर्चीत दुसरा बसतो. तरुण आहे. त्याचा आवाज मोठा आहे.”

“म्हंजे खुर्ची गेली म्हनून मन बदाललं?”

“नाही नाही. मन आधीच बदललं होतं.” मग त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. “निदान मला तसं वाटतं. खुर्ची गेल्यावर विचार करायला वेळ मिळाला, असं म्हणा.”

“मंग वैशाखाचं काय?”

“ताई, मला ठाऊक नाही. मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.”

मला वाटलं, आता जाऊबाई उठून जातील. गेल्या वर्षी ज्या वाक्यावर त्या झोपल्या ते वाक्य रिकाम्या खुर्चीने वदवून घेतलं होतं. त्यांनी पातेलं पुढे ओढलं आणि पाहुण्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

“घ्या. खरं बोलल्यावर भूक लागती.”

पाहुणे खरंच दुसऱ्यांदा पोटभर जेवले.

चहा देताना मी त्यांना म्हटलं, “संध्याकाळी हेच बोला. खुर्चीचं, फोनचं. लोकांना असं कुणी कधी सांगत नाही.”

“बघू,” ते म्हणाले. या शब्दाने आमच्या साहेबांनी कित्येक वर्षं माझ्या रजा नामंजूर केल्यात, त्यामुळे मी फार आशा धरली नाही.

पाहुणे जरा आडवे झाले तेव्हा स्वयंपाकघरात खरी बैठक झाली. उत्रोलीचे व्याही संध्याकाळी मुलीला घेऊन व्याख्यानाला येणार होते आणि तिथेच तारखेचं बोलायचं ठरलं होतं.

“त्यांना सांगाया लागंल, तारखेचं काय खरं न्हाई म्हनून,” जाऊबाई म्हणाल्या.

“आज नगं सांगूस,” दीर म्हणाले. “दोन-चार दिस थांब. आज सांगितलंस तर आजच मोडतील.”

जाऊबाईंनी उरलेला भात झाकून ठेवला. मी ताटं घासत होते आणि मलाही दिरांचं पटत होतं.

संध्याकाळी सभागृह भरलं. पाहुण्यांनी स्वतःचा परिचय आधीच लिहून पाठवला होता. त्यात ‘आपल्या भूमिकेवर सदैव ठाम’ असं एक वाक्य होतं. वाचताना मी ते गाळलं. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुढच्या ओळीकडे पाहिलं.

भाषण उत्तम झालं, हे कबूल करायला हवं. युद्धात घरं कशी मोडतात, शेतं कशी ओस पडतात, पोरं कशी परत येत नाहीत, हे त्यांनी अशा शब्दांत सांगितलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही लावला असता, पण मग ते म्हणाले, “गेल्या वर्षीच्या उन्मादात काही विश्लेषक वाहवत गेले.”

माझे यजमान माझ्या कानाशी लागले. “काही म्हणजे?”

“एकच,” मी म्हटलं.

इतकं सोपं होतं ते. दुपारी ज्या माणसाने ‘मी’ म्हटलं होतं, त्याला संध्याकाळी ‘काही विश्लेषक’ सापडले होते, आणि त्या बिचाऱ्यांवर तो टीकाही करत होता.

भाषणानंतर प्रश्न चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायचे, असा आमचा नियम आहे. चिठ्ठ्या मी वाचते, निवडते आणि शिव्या गाळून पुढे देते. उत्रोलीच्या व्याह्यांना हा नियम माहीत होता, पण मान्य नव्हता. ते उभेच राहिले.

“साहेब, मी साधा माणूस आहे. माझ्या मुलीचं लग्न फौजी मुलाशी ठरलंय. बातम्यांमुळं दोनदा लांबलं. तुम्ही यातले जाणकार. यंदा वैशाखात तारीख धरावी का नाही, एवढंच सांगा.”

सभागृहात हलकंसं हसू उमटलं, आपुलकीचं. सगळे पाहुण्यांकडे बघायला लागले. समोर माईक, मागे फलक, आणि शे-दीडशे माणसं त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसलेली. मी त्यांचा चेहरा बघत होते. दुपारी भात खाणारा माणूस क्षणभर दिसला आणि गेला.

“काका,” ते म्हणाले, आणि आवाज चढला, “बिनधास्त धरा! युद्ध होणार नाही! आणि लग्नाला मला बोलवायला विसरू नका!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्याह्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वळून आमच्या बाजूला पाहिलं आणि दिरांना हात वर करून दाखवला, ठरलं, असा. दीर सुटकेने मागे टेकले. सोयरीक टिकली होती, तारीख ठरली होती, आणि आम्ही कुणी खोटं बोललो नव्हतो. जे बोलायचं ते तज्ज्ञ बोलले होते. मी पुढची चिठ्ठी उघडली.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली. जाऊबाई उभ्या राहिल्या. भोरच्या सभागृहात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. दिरांनी त्यांचा पदर धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

“सायेब,” त्या म्हणाल्या. त्यांना माईकची गरज नव्हती, त्यांचा आवाज शेताच्या त्या टोकाला जायचा सवयीचा आहे. “दुपारच्याला भात खाताना तुमी म्हनला, मला ठाऊक न्हाई. मंग संध्याकाळपातूर कुनाचा फोन आला का?”

आधी मागची रांग हसली, मग सगळं सभागृह. फोनचं त्यांना काही माहीत नव्हतं, पण एक भातखाऊ पाहुणा पकडला गेलाय एवढं सगळ्यांना कळलं. पाहुण्यांनी पाण्याचा पेला उचलला. पाणी पिऊन झाल्यावरही तो थोडा वेळ तोंडापाशीच होता.

“त्या बरोबर बोलतायत,” ते शेवटी म्हणाले. “मला ठाऊक नाही.”

यावर टाळ्या वाजल्या नाहीत. ठाऊक नाही म्हणणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायची आपल्याकडे पद्धत नाही. माझ्या हातात चिठ्ठ्या शिल्लक असताना अध्यक्ष आभार मानायला उठले.

पाहुणे जाताना मला म्हणाले, “तुमच्या जाऊबाईंनी माझी पार वाट लावली हो.” हसून म्हणाले, राग नव्हता. पुढच्या रविवारी त्यांचा लेख आला. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका गावी एका माउलीच्या डोळ्यांत पाहताना लेखकाला आपली चूक कशी उमगली आणि भर सभेत त्याने ती कशी स्वतःहून मांडली, असा. स्वतःहून! लेख सुंदर होता. आमच्या डॉक्टरांनी तो वाचनालयाच्या फलकावर लावला आणि ‘स्वतःहून’खाली लाल रेघ मारली. अध्यक्षांनी रेघ पुसायला सांगितली, मी सांगितलं की शाई पक्की आहे.

लोक मला विचारतात, मग त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? माझं मत असं. माणसाने बाजू बदलली म्हणून तो खोटा ठरत नाही, आमचे दीर खोटे नाहीत. पण जिथे पहिली बाजू ओरडून मांडली, तिथेच उभं राहून त्याने ‘मी’ म्हणायला हवं, आणि त्यानंतरची चार महिन्यांची टिंगलही सोसायला हवी. ज्याला दुसरी बाजूसुद्धा टाळ्यांसकट मिळते, त्याने बाजू बदललेली नसते, नुसती खुर्ची बदललेली असते. त्यांचे लेख मी वाचते. भाषा चांगली आहे. पण त्यांच्या शब्दावर मी चार माणसांचं जेवणसुद्धा ठरवणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सभागृहाबाहेर, चपलांच्या ढिगापाशी, आम्ही उभे होतो ते लग्न मोडायची वाट बघत. व्याही चपला शोधत होते. एक सापडली, दुसरी सापडेना. शोधताना ते कुणाकडेच बघत नव्हते. मुलगी त्यांच्या मागे उभी होती, पर्सचा बंद मुठीत घेऊन. दीर जाऊबाईंकडे असे बघत होते की मला वाटलं, घरी जाताना एसटीत हे दोघं वेगळ्या बाकांवर बसणार.

“ताई,” व्याही वाकलेलेच बोलले, “तुमी गप बसला असता तर मी तारीख धरली असती.”

“व्हय.”

“मंग बोलला कशाला?”

“वैशाखात पोरगा आला नसता, तर तुमी भांडाया कुनाच्या दारात आला असता? त्येंच्या का माझ्या?”

व्याही सरळ झाले. एक चप्पल पायात, एक पाय नुसताच. मग दिरांकडे वळले. “लई अवघड बाई हाय ही तुमची.”

“मला सांगताय?” दीर म्हणाले.

“पर ही बाई तारीख पाळंल.”

“तारीखच न्हाई ओ,” जाऊबाई म्हणाल्या. “त्येच तर सांगतीय कवाधरनं.”

मी मध्ये पडले. कुणीतरी पडायलाच हवं होतं. म्हटलं, हॉल नको, पत्रिका नको. रजा मिळेल तेव्हा मार्गासनीत दारापुढे मांडव घालू. मांडववाला आपल्या ओळखीचा आहे, तांदूळ घरचा आहे, आचारी भोरचा आहे. दोन दिवसांत उभं करून दाखवते. व्याही म्हणाले, असं कुठं लग्न असतं का? जाऊबाई म्हणाल्या, लग्न नवरा-नवरीचं असतं, हॉलचं नसतं. दीर म्हणाले, मुहूर्त तरी? आणि तिघेही एकदम बोलायला लागले. सहा चौकटी नव्हत्या एवढंच.

या गडबडीत मुलीने पर्समधून मोबाईल काढला आणि नंबर लावला. कुणाला विचारलं नाही. पलीकडून पुतण्याचा आवाज आला तेव्हा आम्ही सगळे आपोआप गप्प झालो आणि ऐकत नसल्यासारखं चपलांकडे बघायला लागलो.

“तारीख नाही ठरली,” ती म्हणाली. मग थोडं ऐकलं. “हो, रजेच्या अर्जात लग्नाची तारीख लिहावी लागते ते कळलं. तुला मिळेल ती लिही. तू ज्या दिवशी येशील त्याच्या दुसऱ्या दिवशी करू.” पुन्हा ऐकलं. “नाही, मी लॅबमधून सुट्टी घेईन. तुझ्यापेक्षा मला लवकर मिळते.”

“अगं, मला तरी इचार!” व्याही म्हणाले.

“विचारते ना. बाबा, चालेल ना?” तिने मोबाईल कानाशीच धरून विचारलं, आणि व्याह्यांनी तोंड उघडायच्या आत पुतण्याला सांगून टाकलं, “हो म्हणाले.”